आधी खात्री करून घ्या

सिरोंच्याकडचे एक म्हातारे पक्षकार माझ्याकडे यायचे. खुर्चीवर टेकले की पहिलं वाक्य ठरलेलं. ‘‘बाई, पंखा बंद करा.’’ का, तर पंख्याची हवा बोलणं बाहेर घेऊन जाते. गडचिरोलीतला मे महिना, वर पत्रे असलेलं माझं ऑफिस, आणि दार-खिडकी-पंखा सगळं बंद करून आम्ही दोघं घामाने निथळत बसायचो. एवढ्या बंदोबस्तात त्यांनी मला सांगितलेलं गुपित असं होतं, की चौदा वर्षांपूर्वी भावाच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, त्यांनी हातभर सरकवला होता. त्यांच्या गावातल्या शाळकरी पोरांनाही ते माहीत होतं. पण तोंडाने उच्चारलं ते त्यांनी पहिल्यांदा माझ्यासमोर, आणि सांगून झाल्यावर स्वतः उठून पंखा लावला.

बत्तीस वर्षं या जिल्ह्यात वकिली केली. वकील म्हणजे बोलणारा माणूस, असं लोकांना वाटतं. खरं तर निम्मं काम ऐकण्याचं असतं आणि ऐकलेलं पोटात ठेवण्याचं. पक्षकाराने वकिलाला सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय कोर्टही वकिलाकडून काढून घेऊ शकत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हे होतं, नव्यातही आहे. नवरा-बायकोच्या आपसातल्या बोलण्यालाही तसं थोडंफार संरक्षण आहे. पण लोकांना वाटतं तसं ते सगळ्यांना नाही. डॉक्टरला नाही. आणि देवाच्या माणसाला तर अजिबात नाही. महाराज असो, पाद्री असो, मौलवी असो की गावाचा पुजारी, साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला की तो इतरांसारखाच एक साक्षीदार. ‘मला विश्वासाने सांगितलं होतं’ हे तिथे चालत नाही.

हे मला पुस्तकातून नाही, एका केसमुळे पक्कं कळलं. मोहाच्या झाडावरून दोन घरांत भांडण झालं आणि कुऱ्हाडीच्या दांड्याने एकाचं डोकं फुटलं. पोलिसांनी धरला तो माझा पक्षकार. मारणारा दुसराच होता, आणि त्याने ते आपल्या गावपुजाऱ्याजवळ कबूल केलं होतं. मी पुजाऱ्याला साक्षीला बोलावलं. तो पिंजऱ्यात उभा राहिला आणि गप्प. न्यायाधीशांनी विचारलं तर म्हणाला, ‘‘साहेब, ते देवानं आयकलं. मी नाई आयकलं.’’ मी उठले, कायदा सांगितला, आणि कोर्टाने त्याला बोलायला लावलं. माझा पक्षकार सुटला. खाली पायऱ्यांवर पुजारी मला भेटला. रागावलेला नव्हता.

‘‘बाई, तुमी बरोबरच केलं. पन आता माह्याजवळ कोनी सांगाले येनार नाई.’’

‘‘नको येऊ देत,’’ मी हसत म्हटलं. ‘‘माझ्याकडे पाठवा.’’

तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. बाररूममध्ये मी ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षं रंगवून सांगत असे. ज्या केसबद्दल मला खरं लिहायचं आहे ती मात्र मी कुणालाच रंगवून सांगितली नाही.

वैनगंगेच्या अलीकडे, सागवानाच्या जंगलाला लागून एक संस्थान आहे. नाव लिहीत नाही. गुन्ह्यातल्या मुलींची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे, आणि संस्थानाचं नाव लिहिलं की मुली शोधायला वेळ लागत नाही. मोठ्यांची नावं बदलली आहेत, मुलींना मात्र खोटी नावंही देणार नाही. त्यांचं जे घेतलं गेलं त्यात आणखी नावाची भर कशाला.

संस्थानाचे प्रमुख आबाजी. तेव्हा पंचाहत्तरीचे, अंगावर खादीचा जाड सदरा, पायात टायरच्या चपला. जंगलातल्या गावांमध्ये शाळा चौथीपर्यंत, म्हणून त्यांनी मुलींसाठी वसतिगृह काढलं होतं. त्या वसतिगृहातल्या मुली पुढे नर्स झाल्या, शिक्षिका झाल्या. एक तर आमच्याच कोर्टात स्टेनो होती. संस्थानाची एक रीत होती. दर पौर्णिमेला ज्याला वाटेल त्याने आबाजींसमोर एकट्याने बसायचं आणि मनाला लागलेली चूक सांगायची. ते त्याला ‘पोटातलं सांगणं’ म्हणत. आबाजी ऐकून घेत, एखादं व्रत सांगत, आणि ते बोलणं तिथेच संपे. माझे यजमान अचानक गेले त्या वर्षी मीही बसले होते. काय सांगितलं ते इथे नको. ते आजवर कुणाच्या तोंडून मला परत ऐकू आलं नाही, एवढं सांगते.

त्यानंतर अकरा वर्षं मी संस्थानाची वकील होते. वतनी जमिनीचा वाद, ट्रस्टची घटना, धर्मादाय आयुक्तांकडचे अर्ज, वसतिगृहाची मान्यता. संस्थान ही कायद्याच्या नजरेत एक ‘व्यक्ती’ आहे, तिला जमीन ठेवता येते, दावा लावता येतो, हे मी किती न्यायाधीशांना पटवून दिलं त्याची गणती नाही. वसतिगृहाच्या भिंतीवर मुलांच्या मदतीचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या, हेही मीच सांगितलं होतं. कारण एवढंच, की तपासणीला येणारे तो आधी बघतात.

होळीला आठ दिवस असतील. रविवारी दुपारी जेवून आडवी झाले होते, तर फाटकाशी जीप थांबली. आबाजी आणि संस्थानाचे सचिव मधुकरभाऊ. आबाजी कधी कुणाच्या घरी जात नसत. मी घाईघाईने सतरंजी टाकली. त्यांनी पाणीही घेतलं नाही.

‘‘बाई,’’ ते म्हणाले, ‘‘एका मानसानं माह्याजवळ पोटातलं सांगितलं. मले झोप नाई लागून राह्यली.’’

‘‘काय सांगितलं?’’

‘‘लेकराबद्दल. वसतिगृहातल्या.’’

मी ताठ झाले. पुढचं विचारावंच लागलं नाही. माणसाचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण वसतिगृहात पुरुष माणूस एकच होता, अधीक्षक खुशाल. तीस-बत्तीस वर्षांचा, आबाजींनीच लहानाचा मोठा केलेला. मुलगी होळीच्या सुटीसाठी घरी गेली होती आणि परत येत नाही म्हणत होती.

मी लगेच सांगितलं, आणि बरोबर सांगितलं. ‘‘आबाजी, हे तुमच्या पोटात ठेवायचं नाहीये. लेकरांच्या बाबतीत कायदा वेगळा आहे. ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचंच. संस्थेच्या प्रमुखाने तर आधी. नाही कळवलं तर तो गुन्हा होतो.’’

‘‘पन त्यानं देवासमोर सांगितलं बाई.’’

‘‘देवासमोर सांगितलं तरी.’’

आबाजींनी मान हलवली. मला वाटतं, त्या क्षणी मी त्यांना हाताला धरून जीपमध्ये बसवलं असतं तर ते सरळ ठाण्यात आले असते.

पण मधुकरभाऊ बोलले. ‘‘बाई, कायदा बरोबर आहे. पन नक्की काय झालं ते तं माईत नाई ना? खुशाल म्हन्ते चूक झाली. आता चूक म्हंजे काय? पोट्टीचे मायबाप काईच बोलून राह्यले नाई. आपन ठान्यात गेलो, पेपरात आलं, आन् मंग काईच नाई निघालं तं? दोनशे पोरी कुठी जातीन?’’

मला कायदा पाठ होता. त्यात ‘नक्की’ हा शब्द नाही. असं झालं असावं अशी शंका आली तरी कळवायचं; खात्री करणं पोलिसांचं काम, आपलं नाही. हे मी एका शिबिरात अंगणवाडी सेविकांना फळ्यावर लिहून समजावलं होतं. पण समोर आबाजी बसले होते. त्या स्टेनो मुलीला बापासारखा, माझ्या वाईट दिवसांतला ऐकणारा माणूस. आणि मी म्हटलं,

‘‘ठीक आहे. आधी खात्री करून घ्या. एकदोन बायका पाठवून मुलीच्या आईशी बोला. तोपर्यंत खुशालला इथून हलवा.’’

मधुकरभाऊंचा चेहरा सैल झाला. माझाही झाला असणार. आबाजी मात्र उठताना माझ्याकडे बघत राहिले. त्यांना आणखी काही ऐकायचं होतं की काय, कोण जाणे. मी जीपपर्यंत सोडायला गेले.

‘खुशालला इथून हलवा’ म्हटलं. कुठे हलवलं ते विचारलं नाही. पंधरा दिवसांनी मधुकरभाऊंचा फोन आला, ‘‘मुलीकडचे काई सांगत नाई, त्याले पाठवून देल्लं, तुमी कायजी करू नोका.’’ मी बरं म्हटलं. उन्हाळ्याची सुटी लागली. मी मुलाकडे पुण्याला गेले. नातवाला पोहायला न्यायचं काम माझ्याकडे होतं.

त्याला पाठवलं होतं संस्थानाच्या दुसऱ्या शाखेत, सिरोंच्याच्या बाजूला. तिथेही वसतिगृह होतं. लहान, चाळीस मुलींचं. संस्थानाच्या कागदपत्रांवर गेली अकरा वर्षं सह्या माझ्या. तिथे वसतिगृह आहे हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

पोळ्याच्या थोडं आधी तिथल्या स्वयंपाकिणीने भिंतीवरचा मदतीचा नंबर फिरवला. रामक्का तिचं नाव. तेलुगू बोलणारी, मराठी तुटकं, सही करायचं काम पडलं तर अंगठा. पुढे ती मला भेटली तेव्हा तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत जमेल तसं लिहिते.

‘‘अम्मा, पोर नवी होती. जेवत नव्हती. झोपायच्या खोलीत जात नव्हती. माझ्या चुलीजवळ बसायची. धूर डोळ्यात जायचा तरी बसायची. मी तिले विचारलं, ती रडली. मग मी खुशाल सरांना विचारलं. सर म्हणाले, तू तुझं वरण पाहा. मी वरण पाहिलं. मग नंबर पाहिला.’’

‘‘भीती नाही वाटली?’’

‘‘वाटली ना. काम गेलं माझं.’’

‘‘खात्री होती तुला?’’ हे मी का विचारलं ते मलाच माहीत.

तिला शब्द कळला नाही. मी पुन्हा सांगितलं, म्हणजे नक्की माहीत होतं का.

‘‘नक्की कसं माहीत असेल अम्मा? पोर रडली, एवढं माहीत होतं.’’

खुशालला त्याच संध्याकाळी अटक झाली. पहिल्या मुलीनेही मग जबाब दिला. तपासात आबाजी आणि मधुकरभाऊ यांना आधीपासून माहीत होतं हे निघालं, कारण खुशाल स्वतःच म्हणाला, ‘‘मी आबाजीले सांगून मोकळा झालो होतो.’’ माहीत असून कळवलं नाही म्हणून दोघांवर वेगळा गुन्हा लागला.

त्यानंतरचे दिवस मला फार नीट आठवतात. संस्थान ही व्यक्ती आहे म्हणत मी हयात घालवली. जमिनीच्या दाव्यात ती व्यक्ती प्रत्येक तारखेला हजर असायची. आता मात्र ती कुठे सापडेना. विश्वस्तांपैकी एक म्हणाले, मी फक्त मंदिराचं बघतो. दुसरे म्हणाले, वसतिगृहाची समिती वेगळी आहे. तिसऱ्यांची प्रकृती बिघडली. वसतिगृहाची जबाबदारी कुणाची, या प्रश्नाला ट्रस्टच्या घटनेत उत्तर नव्हतं, आणि ती घटना मी लिहिली होती.

मधुकरभाऊ वकालतनामा घेऊन आले. मी सही केली नाही. या प्रकरणात मी वकील होऊ शकत नाही, म्हटलं.

‘‘काऊन?’’

‘‘कारण मी साक्षीदार आहे.’’

‘‘मंग आमीबी सांगून देऊ कोर्टात,’’ ते चिडून म्हणाले. ‘‘वकीलबाईनंच सांगितलं होतं म्हना, खात्री करून घ्या म्हून.’’

‘‘सांगा,’’ मी म्हटलं. खरंच म्हटलं. माझ्या मनातही तेच होतं. पण इथे माझ्या धंद्याचीच एक अडचण होती. पक्षकार आणि वकील यांच्यातलं बोलणं उघडं करायचा हक्क पक्षकाराचा. तो मोकळं करत नाही तोवर माझं तोंड बांधलेलं. देवाच्या माणसाला कायद्याने जे दिलं नाही ते मला दिलं होतं, आणि मला ते नको होतं.

आबाजींना जामीन मिळाला होता. ते बहिणीच्या गावी राहत होते, चिमूरच्या पुढे. मी बसने गेले. घराच्या पडवीत खाटेवर बसून ते तूर निवडत होते.

‘‘आबाजी, मला मोकळं करा,’’ मी म्हटलं. ‘‘मी कोर्टात सांगते, तुम्ही माझ्याकडे आला होता. मी काय सल्ला दिला ते सांगते. तुमची शिक्षा कमी होईल.’’

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. ‘‘तुमी काय सल्ला देल्ला होता?’’

‘‘तुम्हाला माहीत आहे.’’

‘‘तुमी पयले म्हनलं, पोलिसाले सांगा. ते कायद्याचं होतं. मंग म्हनलं, खात्री करा. ते माह्यावरच्या मायेचं होतं. मले दुसरं आवडलं, म्हून मी दुसरं धरलं. धरनारा मी आहो बाई.’’

‘‘पण मी बोलायला नको होतं.’’

‘‘नोकोच होतं,’’ ते म्हणाले.

त्यांनी मला असं सरळ म्हटलं याचं मला बरं वाटलं. पण मोकळं केलं नाही ते नाहीच. ‘‘तुमच्याबिगर मंग बाकीच्या पोरींच्या केसेस कोन लढन? तुमी बाहेर रायलेल्या बऱ्या.’’

त्यांच्या केसची तारीख लागली. नागपूरहून मोठे वकील आले होते. त्यांनी जोरदार मांडणी तयार केली होती. गुरूसमोरची कबुली हा धर्माचा भाग, ती फोडायला लावणं म्हणजे श्रद्धेवर घाला, वगैरे. मी सगळ्यात मागच्या बाकावर बसले होते. त्यांची सुरुवात व्हायच्या आतच आबाजींनी हात जोडले.

‘‘साहेब, मले गुन्हा कबूल आहे.’’

वकील वळून त्यांच्याकडे बघत राहिले. न्यायाधीशांनी आबाजींना जवळ बोलावलं. समजून बोलताय ना, कुणाचा दबाव नाही ना, परिणाम माहीत आहेत ना, असे प्रश्न विचारावेच लागतात, ते विचारले. मग विचारलं,

‘‘तुम्ही तेव्हा पोलिसांना का सांगितलं नाही?’’

‘‘साहेब, चाळीस वर्सं लोकं माह्याजवळ सांगत आले. चोरीचं सांगत, दारूचं सांगत, भावाले मारल्याचं सांगत. मले वाटे, माह्या पोटात पडलं म्हंजे ते संपलं. सांगनाऱ्याचं मन हलकं होये, ते मले दिसे. ज्या लेकराचं वाईट झालं ते माह्यासमोर कधी बसलंच नोतं. म्हून मले ते दिसलं नाई.’’

नागपूरचे वकील आता मदतीला धावले. ‘‘साहेब, माझ्या अशिलाने तेव्हा कायदेशीर सल्ला घेतला होता. सद्‌हेतूने वागले ते. शिक्षेच्या वेळी याचा विचार व्हावा.’’

‘‘घेतला होता सल्ला?’’ न्यायाधीशांनी आबाजींना विचारलं. ‘‘काय मिळाला?’’

उभं राहावं, असं शरीराला वाटत होतं. अक्षरशः गुडघ्यांना वाटत होतं.

‘‘पोलिसाले सांगा, असा भेटला होता,’’ आबाजी म्हणाले. ‘‘मी नाई आयकला.’’

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. न्यायाधीशांनी लिहून घेतलं. मी बसूनच राहिले. कायद्याने मला उठता येत नव्हतं हे खरं. आणि कायद्याने उठता येत नाही याचा मला त्या क्षणी आधार वाटला, हेही खरं. हे दुसरं मी कुणाजवळच बोलले नव्हते.

आबाजींना सहा महिन्यांची कैद झाली. ती त्यांनी चंद्रपूरच्या तुरुंगात पूर्ण भोगली. पुढे खुशालच्या खटल्यात त्यांना साक्षीला आणलं. लहान मुलांचे असे खटले बंद दाराआड चालतात, मुलीला अनोळखी चेहरे दिसू नयेत म्हणून. मी बाहेर व्हरांड्यात बसून होते. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. पण इतर कुणासमोर दिलेली, ती खरी आहे असं कोर्टाला पटलं तर, चालते. म्हणून आबाजींची साक्ष महत्त्वाची होती. सरकारी वकील बाहेर आले तेव्हा मी काही विचारलं नाही. तेच म्हणाले, ‘‘मॅडम, म्हातारा घडाघडा बोलला. आरोपीच्या वकिलाने विचारलं, शिष्याचा विश्वास मोडताना लाज वाटत नाही का? तर म्हणे, वाटते, उशीर केल्याची.’’

खुशालला मोठी शिक्षा झाली. मधुकरभाऊंची केस अजून चालू आहे. दर तारखेला त्यांचे वकील आजारी असतात. दोन्ही वसतिगृहांची मान्यता गेली. ती जायलाच हवी होती. पण सत्राच्या मध्येच दोनशे चाळीस मुली घरी गेल्या, आणि त्यातल्या कितीजणी पुन्हा शाळेत गेल्या ते कुणी मोजलं नाही. मी काहींच्या मागे लागून सरकारी आश्रमशाळांत प्रवेश करून दिले. काहींची तोवर लग्नं ठरली होती. संस्थान मात्र आहे. मंदिराला नवीन रंग दिलाय.

आबाजी सुटून बहिणीकडेच राहिले. पौर्णिमेला अजून एखादा माणूस तिथे शोधत येतो. आबाजी त्याला आधी विचारतात, लेकराचं आहे का? असेल तर म्हणतात, मले नोको सांगू, चाल ठान्यात, मी संग येतो.

हे सगळं झाल्यावर मी माझ्या ज्येष्ठ स्नेह्यांना, एका निवृत्त न्यायाधीशांना, नावं न घेता सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुमचं कायद्याने काहीही चुकलेलं नाही. तुम्ही कायदा सांगितला होता. मी आभार मानले. घरी आले आणि ठरवलं, दुसऱ्या मुलीच्या आईला जाऊन भेटायचं. माफी मागायला नाही. आबाजींनी मोकळं केलं नसलं तरी तिला खरं कळायचा हक्क आहे असं मला वाटलं. यात मी माझ्या धंद्याचा नियम मोडला. बत्तीस वर्षांत एकदाच मोडला, आणि आज हे लिहिताना दुसऱ्यांदा, कारण संस्थानाला विचारलेलं नाही. आबाजींना मात्र हे लिहिणार म्हणून विचारलं होतं. या खेपेला ते म्हणाले, ‘‘लिवा. आता काय लपवाचं आहे.’’

गाव पक्क्या रस्त्यापासून आत, जंगलात. मुलीची आई, सोमीबाई, अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. नवरा दोरी वळत बसला होता. त्याला मराठी येत नव्हतं. मुलगी मामाकडे गेली होती. तिथल्या शाळेत जाते, सोमीबाईने सांगितलं. रोज जाऊन येऊन करते, राहायला कुठेच जात नाही. मला बाज दिली, तांब्यात पाणी दिलं.

मी सांगितलं. आबाजी माझ्याकडे आले होते, त्यांना खुशालचं माहीत होतं, मी आधी पोलिसांकडे जा म्हटलं आणि मग खात्री करा म्हटलं. माझं म्हणणं मी दोनदा सांगितलं, सोप्या शब्दांत, कारण मला काही चुकवायचं नव्हतं. ती हातातली फुलं पसरत ऐकत होती.

‘‘तुले माईत होतं?’’ तिने विचारलं.

‘‘हो.’’

‘‘कवापासून?’’

‘‘होळीच्या आधीपासून.’’

ती थांबली. मनात काहीतरी जुळवत असावी. मी उगाच पुढे बोलू लागले, की त्याला हलवायला सांगितलं होतं, की मला वाटलं होतं. तिने हात वर केला.

‘‘होळीले तं माही पोर इथीच होती,’’ ती म्हणाली. ‘‘ह्याच अंगनात होती. वसतिगृहात नवतीच. संस्थानचे लोकं जूनमधी, पावसाच्या आधी आले, म्हने पाठव पोरीले, चांगलं शिकन. मंग मी पाठवली.’’

मला हे माहीत नव्हतं. मी फाइल वाचली होती, जबाब वाचले होते, तारखा वाचल्या होत्या. रामक्का ‘पोर नवी होती’ म्हणाली तेही ऐकलं होतं. पण माझ्या होळीचा मार्च आणि तिचा जून, हे दोन महिने शेजारी ठेवून मी कधी पाहिलेच नव्हते.

सोमीबाई रडली नाही. मला बोललीही नाही. ती नवऱ्याकडे वळली आणि मी जे सांगितलं ते त्याला गोंडीत सांगू लागली. हळूहळू, न चिडता, मधे मधे माझ्याकडे हात करून. नवऱ्याने दोरी वळणं थांबवलं. इतकी वर्षं या जिल्ह्यात काढून मला गोंडी येत नाही. त्या सगळ्या बोलण्यातला मला कळण्यासारखा एकच शब्द होता, आणि तो ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. जून. जून.